मोबाईल स्टार्टरच्या कंट्रोल बोर्डाची बाउंडरी स्कॅन तपासणी, ओपन-ओसीडी वापरून

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतून सुटे भाग बसवून आलेला, पंप मोबाईलवरून चालू-बंद करणाऱ्या स्टार्टरचा बोर्ड टेबलावर आहे. ३.३ व्होल्ट नीट येतात, प्रोग्रामही चढतो, पण एक फेज दिसत नाही किंवा सेटिंग जतन होत नाही. प्रोग्राम लिहिणारा सोल्डरकडे बोट दाखवतो आणि असेंब्लीवाला प्रोग्रामकडे. बाउंडरी स्कॅनने हा वाद प्रोग्राम न चालवताच मिटवता येतो. चिपच्या प्रत्येक पायाआड एक छोटी कोठडी असते. तिच्यातून पायावरची पातळी वाचता येते आणि मनात येईल ती पातळी पायावर घालताही येते. प्रोसेसर त्या वेळी रीसेटमध्ये पडून असला तरी चालतो.

इथे धरलेली चिप एसटीएम३२एफ१०३सी८ आहे, ४८ पायांची, पायांमधलं अंतर ०.५ मिलिमीटर. दुसरी चिप असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील. आज्ञा आणि आकडे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत करायचे.

आधी तारा आणि सप्लाय

पहिली अडचण प्रोग्रामरची, म्हणजे लॅपटॉप आणि चिप जोडणाऱ्या यंत्राचीच. बहुतेकांच्या ड्रॉवरमध्ये एसटी-लिंक असतो आणि तो या कामाला चालत नाही. ओपन-ओसीडी, म्हणजे लॅपटॉपवरून चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर, त्याच्याशी वरच्या पातळीवर बोलतं, कच्चे जेटॅग (चिप तपासायची चार तारांची जोडणी) स्कॅन त्यातून पाठवता येत नाहीत. एफटी२२३२एच किंवा एफटी२३२एचचं साधं मॉड्यूल घ्या. प्रोग्राम चढवायच्या एसडब्ल्यूडी जोडणीच्या दोन तारांवर बाउंडरी स्कॅन होत नाही, जेटॅगच्या चारही तारा लागतात:

एडीबस० – टीसीके – पीए१४ (पाय ३७)
एडीबस१ – टीडीआय – पीए१५ (पाय ३८)
एडीबस२ – टीडीओ – पीबी३ (पाय ३९)
एडीबस३ – टीएमएस – पीए१३ (पाय ३४)

पाचवी तार ग्राउंडची. तारा १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि टीसीकेला १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. पीबी४ म्हणजे पाय ४० हा जेटॅगचा रीसेट आहे. त्याला आतून पुल-अप (पाय वर धरणारा रेझिस्टर) असतो, पण डिझायनरने तो पाय दुसऱ्या कामाला घेऊन ग्राउंडकडे ओढला असेल तर टॅप, म्हणजे चिपमधला जेटॅगचा भाग, कायमचा रीसेटमध्ये राहतो आणि काहीच उत्तर येत नाही. बोर्ड तुमच्याच घरचा असेल तर पुढच्या आवृत्तीत पीए१५ आणि पीबी३साठी दोन टेस्ट पॅड सोडायला सांगा. खर्च शून्य, आणि ते नसतील तर ०.५ मिलिमीटरच्या पायावर तार चिकटवत बसावं लागतं.

सप्लायच्या बाबतीत कोणतीही सवलत नाही. टेबलावर ४४० व्होल्ट येताच कामा नयेत. फेजच्या तारा, काँटॅक्टर, सगळं बाहेर. रिलेचे १२ व्होल्टही देऊ नका. ५ व्होल्टच्या रेलवर बेंच सप्लाय लावा आणि करंट लिमिट १५० मिलीअँपिअरवर ठेवा. ५ व्होल्ट लिनियर रेग्युलेटरमधून येत असतील तर १२च्या रेलवर उलट वाटेने चार-साडेचार व्होल्ट दिसू शकतात. १२ व्होल्टचा रिले ओढायला ते पुरत नाहीत, तेव्हा दचकायचं कारण नाही. जीएसएम मॉड्यूलचा सप्लाय मात्र तोडा. सिग्नल शोधताना ते दोन अँपिअरपर्यंतचे झटके घेतं आणि लिमिटला बोर्ड बसतो. मॉड्यूल बंद असताना त्याच्या सिरीयलच्या पायावर ३.३ व्होल्ट घालू नका, नाहीतर सप्लाय पायातून उलटा मॉड्यूलमध्ये शिरतो.

लॅपटॉप बॅटरीवर चालवा. दोन पिनांच्या चार्जरमधून गळतीचा करंट यूएसबीच्या ग्राउंडवर येतो. ज्या शेडमध्ये अर्थिंग नावापुरतंच आहे तिथे तो हाताला झिणझिण्या आणतो आणि चिपच्या पायात शिरला तर चिप जाते. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याची हवा इतकी कोरडी असते की प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठलं तरी ठिणगी पडते. मनगटाचा पट्टा त्या दिवसांत तरी शोभेला टांगून ठेवू नका.

रीसेट दाबून ठेवायचा

ही गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. चिप बनवणारी कंपनी प्रत्येक पॅकेजसाठी बीएसडीएल फाइल देते. कोणत्या पायाची कोठडी कितव्या जागी, इन्स्ट्रक्शन किती बिटची, हे सगळं त्यात असतं. त्यातली ‘कम्प्लायन्स पॅटर्न्स’ ही ओळ शोधा. एसटीएम३२च्या फायलींत तिथे एनआरएसटी शून्यावर हवा असं लिहिलेलं असतं, म्हणजे तपासणी चालू असेपर्यंत रीसेटचा पाय खाली दाबलेला हवा. जेटॅगचा टॅप या रीसेटने बंद पडत नाही, उलट प्रोग्रामने जेटॅगचे पाय दुसऱ्या कामाला लावले असतील तर तेही मोकळे होतात. सॉफ्टवेअरमधून रीसेट ओढायची सोय आहे, पण पाय ७ जंपरने सरळ ग्राउंडला बांधणं जास्त खात्रीचं.

फाइल घेताना पॅकेज जुळतं का ते बघा, ६४ पायांची फाइल ४८ला लावू नका.

कॉन्फिग फाइल

ओपन-ओसीडीसोबत येणारी या चिपची तयार फाइल वापरू नका. तिच्यात सीपीयूचा ‘टार्गेट’ तयार केलेला असतो. टार्गेट असला की ओपन-ओसीडी पाठीमागे सारखं त्याची विचारपूस करतं आणि प्रत्येक वेळी सीपीयूच्या टॅपला इन्स्ट्रक्शन देताना बाउंडरी स्कॅनच्या टॅपला बायपासमध्ये, म्हणजे बिट नुसते पुढे सरकवायच्या अवस्थेत, ढकलतं. तुम्ही पाय खाली ओढून मल्टिमीटर लावेपर्यंत पाय सुटलेला असतो, आणि का सुटला ते स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. म्हणून फक्त टॅप जाहीर करणारी स्वतःची फाइल लिहा:

अडॅप्टर ड्रायव्हर एफटीडीआय
एफटीडीआय व्हीआयडी_पीआयडी ०एक्स०४०३ ०एक्स६०१०
एफटीडीआय चॅनेल ०
एफटीडीआय लेआउट_इनिट ०एक्स०००८ ०एक्स०००बी
ट्रान्सपोर्ट सिलेक्ट जेटॅग
अडॅप्टर स्पीड १००
रीसेट_कॉन्फिग नन
जेटॅग न्यूटॅप स्टार्टर सीपीयू -आयआरलेन ४ -एक्स्पेक्टेड-आयडी ०एक्स३बीए००४७७
जेटॅग न्यूटॅप स्टार्टर बीएस -आयआरलेन ५
इनिट

एफटी२३२एच असेल तर ६०१०च्या जागी ६०१४. स्पीड किलोहर्ट्झमध्ये आहे. शंभरवर सगळं जमलं की हजारावर न्या, त्याहून पुढे जाऊन फारसं काही मिळत नाही, कारण वेळ यूएसबी खाते. टॅपचा क्रम महत्त्वाचा: टीडीओच्या जवळचा आधी. या चिपमध्ये टीडीआयकडून आधी बाउंडरी स्कॅनचा ५ बिटचा टॅप लागतो, मग सीपीयूचा ४ बिटचा, म्हणून फायलीत सीपीयू वर आणि बीएस खाली. बोर्डावर आणखी एखादी सीपीएलडी (प्रोग्राम करता येणारी लॉजिक चिप) याच साखळीत असेल तर तिचा टॅपही तिच्या जागेप्रमाणे लिहावा लागेल.

चालू केल्यावर दुसऱ्या खिडकीतून टेलनेटने ४४४४ पोर्टवर जा आणि ‘स्कॅन_चेन’ द्या. बीएसच्या समोर १६४१००४१ किंवा जुन्या सिलिकॉनवर ०६४१००४१ दिसायला हवं.

न दिसल्यास संदेश वाचा, तो बरंच सांगतो. ‘ऑल झीरोज’ आलं तर बोर्डाला सप्लाय नाही, ग्राउंडची तार सुटली आहे किंवा टीडीओ खाली शॉर्ट आहे. ‘ऑल वन्स’ म्हणजे टीडीओची तार लागलीच नाही, टीडीआय-टीडीओची अदलाबदल झाली किंवा टॅप रीसेटमध्ये अडकला. ‘आयआर कॅप्चर एरर’ आला तर बिटांची लांबी किंवा टॅपचा क्रम चुकला. सीपीयूचा नंबर बरोबर येतो पण दुसरा टॅपच नाही, असं झालं तर चिप खरी आहे का ते बघा. बाजारात या चिपच्या नकला भरपूर फिरतात, आणि त्यांच्या आत बाउंडरी स्कॅनचा टॅप असेलच याची हमी नाही.

रजिस्टरची लांबी मोजून घ्या

या चिपच्या फायलीत ‘बाउंडरी लेंग्थ’, म्हणजे ओळीने जोडलेल्या कोठड्यांची संख्या, २३२ आहे. फायलीवर डोळे झाकून विसंबण्यापेक्षा एकदा मोजा. ‘आयआरस्कॅन स्टार्टर.बीएस २’ ही इन्स्ट्रक्शन देऊन सँपलमध्ये, म्हणजे पाय नुसते वाचायच्या अवस्थेत, जा. सँपलमध्ये पाय हलत नाहीत, त्यामुळे इथे चूक झाली तरी काही जळत नाही. मग ‘डीआरस्कॅन’ला (कोठड्यांतून बिट सरकवणारी आज्ञा) आधी ३२ बिटचा ओळखू येईल असा नमुना द्या, समजा ०एक्सए५सी३१२३४, त्यामागून ३२-३२ बिटांची सहा शून्यं, मग ९ बिटचं शून्य, आणि शेवटी ३२ बिटचं शून्य. शेवटच्या तुकड्यातून नमुना जसाच्या तसा परत आला पाहिजे. २३२ला ८ पुरले असते, मग ९ का? सीपीयूचा टॅप बायपासमध्ये असला तरी त्याचा एक बिट वाटेत असतोच. नमुना एका बिटने सरकलेला आला तर लांबी किंवा साखळी तुमच्या समजुतीपेक्षा वेगळी आहे, तिथेच थांबून शोधा.

एका तुकड्यात ३२पेक्षा जास्त बिट देऊ नका. म्हणजे रोजच्या कामात २३२ बिटांसाठी ३२चे सात तुकडे आणि ८चा एक. पहिल्या तुकड्याचा सर्वांत खालचा बिट म्हणजे कोठडी क्रमांक ०, टीडीओच्या सर्वांत जवळची. हा हिशोब दर वेळी हाताने करायला गेलात तर चुकणारच. ओपन-ओसीडीत टीसीएल भाषा आहे, तिच्यात २३२ जागांची एक यादी ठेवा आणि तीन छोट्या प्रोसिजर लिहा: एक ठरावीक कोठडीत ० किंवा १ ठेवणारी, दुसरी यादीचे तुकडे करून स्कॅन पाठवणारी, तिसरी आलेल्या उत्तरातून हव्या कोठडीचा बिट काढून देणारी.

कोठडी कशी वाचायची

प्रत्येक साध्या पायाला तीन कोठड्या: कंट्रोल, आउटपुट आणि इनपुट. बीएसडीएलमध्ये आउटपुटच्या ओळीत तिचा कंट्रोल कितवा आणि तो कोणत्या मूल्याला पाय सोडून देतो हे लिहिलेलं असतं. या चिपमध्ये कंट्रोल १ असेल तर पाय मोकळा, ० असेल तर आउटपुट कोठडीतली पातळी पायावर. नवीन माणूस इथे हमखास उलटं धरतो, आणि ‘सगळी शून्यं पाठवली म्हणजे सुरक्षित’ असं समजतो. सगळी शून्यं म्हणजे चिपचा प्रत्येक पाय जोर लावून ग्राउंडकडे ओढणं. समोर दुसऱ्या चिपचा आउटपुट वर असेल तर दोघांची कुस्ती लागते. या चिपच्या पायाची कमाल मर्यादा २५ मिलीअँपिअर आहे.

म्हणून सुरुवातीची यादी अशी भरा: सगळे कंट्रोल १, सगळे आउटपुट ०. ही तुमची ‘घरची’ यादी. प्रत्येक चाचणी इथून सुरू होऊन इथेच परत यावी.

पहिली चाचणी: फक्त वाचा

सँपलमध्ये राहून घरची यादी पाठवा आणि आलेलं उत्तर सोडवा. एकही पाय न हलवता निम्मे दोष इथेच दिसतात. बूट०चा पाय खाली आहे का? बटणाचा पाय दाबल्यावर बदलतो का? फेज ओळखणारे ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारे भाग) बघायचे असतील तर त्यांच्या आउटपुटच्या ट्रान्झिस्टरचे दोन पाय चिमट्याने एक-एक करून जोडा. चिपच्या ज्या पायाकडे तो जातो त्याचा इनपुट बिट खाली यायला हवा. न आल्यास ऑप्टोपासून चिपपर्यंतच्या वाटेत ओपन आहे. तीन फेजसाठी हे मिनिटभराचं काम, आणि ‘एक फेज दाखवत नाही’ या तक्रारीचा निकाल लागतो.

उघडा तरंगणारा पाय कधी ० तर कधी १ वाचतो. ज्याला पुल-अप किंवा पुल-डाउन नाही त्याच्या एका वाचनावर निदान करू नका. आठ-दहा वेळा वाचा. जो स्थिर राहायला हवा तो नाचत असेल तर त्याचा रेझिस्टर तुटलेला किंवा लावायचा राहिलेला.

एक्सटेस्ट: पाय हलवणं

क्रम मोडू नका. सँपलमध्ये असताना घरची यादी पाठवा, ती कोठड्यांत बसते. लांबी मोजताना तिथे कचरा गेलेला असतो, म्हणून ही पायरी पुन्हा करायचीच. मग एक्सटेस्टमध्ये जायला ‘आयआरस्कॅन स्टार्टर.बीएस ०’. या क्षणापासून पाय तुमच्या यादीच्या ताब्यात. मध्येच रीसेटची आज्ञा दिलीत तर टॅप मुळावर जातो आणि पाय सुटतात.

उत्तर एक घर मागे असतं, हे डोक्यात पक्कं बसू द्या. डीआरस्कॅनमध्ये आधी पायांची सद्यस्थिती पकडली जाते, मग ती बाहेर सरकते आणि तुमची यादी आत येते, आणि पाय बदलतात ते अगदी शेवटी. म्हणजे पाय खाली ओढणाऱ्या स्कॅनच्या उत्तरात पाय खाली गेलेला दिसणार नाही. तीच यादी दुसऱ्यांदा पाठवा, दुसरं उत्तर खरं. हे न कळल्यामुळे चांगले बोर्ड बाद झाल्याची उदाहरणं काही कमी नाहीत.

सुरुवातीला एलईडीचा पाय घ्या, डोळ्यांना दिसतं म्हणून. मग शेजारच्या पायांचे शॉर्ट शोधा. पाय २५ ते ३३ (पीबी१२ ते पीए१२) हा सलग पट्टा आहे. त्यात एक पाय खाली ओढा, बाकी मोकळे, दोनदा स्कॅन, वाचा. तोच पाय वर न्या, पुन्हा वाचा. शेजारचा पाय दोन्ही वेळा मागोमाग फिरला तर सोल्डरचा पूल आहे असं धरून मल्टिमीटरच्या बीपने खात्री करा, कारण अगदी मोकळा शेजारीही कधी कधी फसवतो. ओढलेला पायच हलला नाही तर तो सप्लायला किंवा ग्राउंडला चिकटलेला. रिलेच्या पायाआड यूएलएन२००३ (रिले ओढणारी चिप) असेल तर मोकळा सोडलेला पाय त्याच्या आतल्या रेझिस्टरने खालीच राहतो. क्रिस्टलच्या पाय ५ आणि ६ला हात लावू नका.

दोन स्कॅनवाल्या चिपांमध्ये वीस-बावीस जोडण्या असतील तर एकेक ओढत बसायची गरज नाही. प्रत्येक जोडणीला १पासून क्रमांक द्या, सगळी शून्यं आणि सगळे एक असलेले क्रमांक टाळा, आणि क्रमांकाचा एकेक बिट एकेका स्कॅनला घाला. २० जोडण्यांना ५ स्कॅन पुरतात. तेच उलटे करून आणखी ५ घातले की कोण कोणाला चिकटलाय हेही नेमकं कळतं.

ईप्रॉम आहे का, आणि बोलतो का

सेटिंग जतन न होण्याची तक्रार असली की २४सी०२ हा ईप्रॉम (नेमकं म्हणजे ईईप्रॉम, सेटिंग साठवणारी छोटी मेमरी चिप) तपासायचा. तो बहुधा पीबी६ (एससीएल, पाय ४२) आणि पीबी७ (एसडीए, पाय ४३) वर असतो. दोन्ही आउटपुट कोठड्या कायम ० ठेवा आणि फक्त कंट्रोल हलवा: ० म्हणजे ओढला, १ म्हणजे सोडला. सोडल्यावर बोर्डावरचा ४.७ किलोओहमचा पुल-अप रेषा वर नेतो. कधीही १ जोराने घालू नका, दुसऱ्या बाजूने ईप्रॉम खाली ओढत असू शकतो.

आधी दोन्ही सोडून वाचा. दोन्ही १ आले नाहीत तर पुल-अपच नाही किंवा शॉर्ट आहे, पुढे जायचं कारण नाही. आले तर एसडीए ओढा, मग एससीएल ओढा. आता १०१०००००चा एकेक बिट: एसडीए ठेवा, एससीएल सोडा, एससीएल ओढा. आठ झाले की एसडीए सोडा, एससीएल सोडा, आणि तीच यादी आणखी एकदा पाठवून एसडीएची इनपुट कोठडी वाचा. ० आला तर ईप्रॉमने हुंकार दिला, म्हणजे त्याचा सप्लाय, ग्राउंड आणि दोन्ही रेषा धडधाकट. नंतर एससीएल ओढा, एसडीए ओढा, एससीएल सोडा, एसडीए सोडा. सगळे मिळून तेहतीस स्कॅन होतात. वेग अगदी कासवाचा असला तरी या ईप्रॉमला तो चालतो.

१ आला तर आधी पत्त्याचे तीन पाय बघा. ते ग्राउंडला नसतील तर पत्ता वेगळा, आठही पत्ते फिरवून पाहा. एकालाही उत्तर नाही तर ईप्रॉम उलटा बसलाय का ते भिंगाखाली पाहा.

शंभर बोर्ड आले तर

हाताने जमलेली चाचणी एसव्हीएफ फायलीत, म्हणजे स्कॅन ओळीने लिहिलेल्या मजकुराच्या फायलीत, उतरवा. त्यात ‘एसआयआर’ने इन्स्ट्रक्शन, ‘एसडीआर’ने २३२ बिट, अपेक्षित उत्तर आणि मास्क जातं. मास्कमध्ये १ असलेलेच बिट तपासले जातात, म्हणून तरंगणाऱ्या पायांना ० द्या, नाहीतर रोज वेगळाच बोर्ड नापास होईल. चालवताना ‘एसव्हीएफ -टॅप स्टार्टर.बीएस’ आणि पुढे फायलीचं नाव दिलं की सीपीयूच्या टॅपचे जादा बिट ओपन-ओसीडी स्वतः भरतं. मास्क ठरवण्यासाठी एकाच बोर्डाचं वाचन प्रमाण मानू नका, चारपाच खात्रीचे बोर्ड घ्या.

सप्लायचे पाय, कपॅसिटर, जेटॅगचे स्वतःचे पाय आणि अ‍ॅनालॉगची अचूकता या तपासणीत येत नाही. शेतातल्या पेटीतून परत आलेल्या बोर्डावर तर आधी ब्रश आणि आयसोप्रोपिल चालवा. मुंग्यांची माती आणि पालीची घाण ओलसर असली की दोन पायांमध्ये काही किलोओहमचा रस्ता तयार होतो. एक्सटेस्टमध्ये चिप जोर लावते तेव्हा तो दिसत नाही, पण सँपलमध्ये पुल-अपवाला पाय खाली दिसतो. एक्सटेस्ट पास आणि सँपल नापास अशी जोडी आली की सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवून पहिल्यांदा बोर्ड धुवा, उन्हात नीट वाळवा आणि मग पुन्हा स्कॅन करा.